मदत हवी आहे: पर्यटन विकासातला 'लोकसहभाग' मोजायचा कसा?

नमस्कार मंडळी,

पर्यटन विकासातला स्थानिकांचा सहभाग हा माझ्या लघुप्रबंधाचा विषय. गाडी प्रश्नावलीपाशीच अडली आहे.

चाचणी म्हणून थोड्या लोकांकडून ती भरून घेतली. "पर्यटनाच्या नियोजनात तुमचा सहभाग होता का?" याला बहुतेकांनी 'हो' लिहिलं. मी खूश! मग सहज विचारलं, म्हणजे नेमकं काय केलंत? एकजण म्हणाले, बैठकीला गेलो, सही केली. दुसऱ्यांच्या मुलाला हॉटेलात काम लागलं होतं. एका आजींनी रस्त्यासाठी जागा सोडली होती, हाच त्यांचा सहभाग. तिघंही खरं बोलत होते, आणि माझ्या तक्त्यात तिघांपुढे सारखीच खूण.

शेरी अर्नस्टाइन यांची १९६९ ची लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी वाचली आहे. खालच्या दोन पायऱ्यांवर सहभागच नाही, मधल्या तीन देखाव्याच्या, वरच्या तिन्हींत खरी सत्ता. सही करणारे काका मधे कुठेतरी बसतात. पण ज्याला रोजगार मिळाला आणि मत कुणी विचारलंच नाही, तो कुठल्या पायरीवर? ती शिडी निर्णयाच्या सत्तेची आहे, कमाईची नाही. पर्यटनाचे अभ्यासक टोसून यांनी पर्यटनातल्या सहभागाचे उत्स्फूर्त, प्रेरित आणि सक्तीचा असे तीन प्रकार केले आहेत. ते जवळचे वाटतात, पण आजींनी जागा खुशीने दिली की नाइलाजाने, हे पाच पर्यायांच्या प्रश्नातून कसं कळणार?

सध्या निर्णयातला वाटा आणि लाभातला वाटा असे दोन वेगळे रकाने करायचा विचार आहे. पण ते भरायचे कशाच्या आधारावर? नामिबियात १९९६ च्या कायद्याने स्थानिक समूहांना संवर्धन क्षेत्र नोंदवून तिथल्या वन्यजीवांवर आणि पर्यटनावर हक्क मिळवता येतो. त्यासाठी सदस्यांची यादी, ठरलेली हद्द, समिती, लाभवाटपाची योजना असं सगळं लागतं. तिथे निदान कागद तपासता येतो: लॉजशी करार कुणाच्या नावाने झाला? जिथे असा कागदच नसतो, तिथे काय धरायचं?

आणखी एक अडचण. बैठकीला न आलेल्यांना मी 'उदासीन' धरलं होतं. नंतर लक्षात आलं की दिवसाची मजुरी बुडवून कोण येणार? आणि बायका आल्या तरी मागे बसून असतात. हजेरीपटावर त्या आहेतच. (हजेरीपटावर माझा आता काडीचा विश्वास उरलेला नाही.)

कुणी असं प्रत्यक्ष सर्वेक्षण केलं असेल तर सांगा, प्रश्न कसे विचारलेत? "तुमच्या बोलण्यामुळे आराखड्यात काही बदललं का?" असा प्रश्न चालेल, की लोक भिडेखातर 'हो' म्हणतील? वाचनयाद्या पुष्कळ जमल्या आहेत, त्या नकोत. वापरलेले नमुना प्रश्न असतील तर इथेच टाका.

प्रबंधाचे गाइड म्हणतात, होय-नाही ठेव आणि मोकळी हो. पण मग त्या आजींचं काय करू?