जेन्नरचं घर: बागेतली खोपी चुकवू नका

एकांचं म्हणणं की देवीच्या लसीचा जनक एडवर्ड जेन्नर याचं इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशरमधल्या बर्कलीचं घर (आता म्युझियम) म्हणजे जुनं फर्निचर नि काचेची कपाटं, त्यासाठी एवढं लांब कोण जाणार? खोल्यांपुरतं असेलही. पण खरी गंमत बागेत आहे. ओबडधोबड लाकडांची, गवताने शाकारलेली एक खोपी. जेन्नर तिला ‘टेम्पल ऑफ व्हॅक्सिनिया’ म्हणायचा आणि गावातल्या गोरगरिबांना तिथे फुकट लस टोचायचा. नाव देवळाचं, दिसायला थेट गुराख्याची झोपडी!

१४ मे १७९६ ला त्याने सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरच्या गोस्तन देवीच्या (गाईंकडून माणसाला होणाऱ्या सौम्य देवीच्या) फोडातला द्रव आठ वर्षांच्या जेम्स फिप्सला टोचला. नंतर मुद्दाम खऱ्या देवीही टोचून पाहिल्या. पोराला काही झालं नाही म्हणून बरं. आजच्या एथिक्स कमिटीने त्याला दारातूनच हाकललं असतं. पुढे त्याने फिप्सला राहायला घर दिलं, हेही खरं.

आपला धागाही आहेच की. लस व्हिएन्ना, बगदाद, बसरा असं करत मुंबईला पोचली. फ्रिज कुठला तेव्हा, एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशीच ती जिवंत ठेवत आणली. १४ जून १८०२ ला मुंबईत तीन वर्षांच्या अ‍ॅना डस्टहॉलला ती टोचली गेली. भारतातली ही पहिली यशस्वी लस.

जेन्नरची कबर शेजारच्याच चर्चमध्ये आहे, तीही बघून घ्या. फक्त निघण्याआधी म्युझियमच्या वेळा तपासा.