पहिला टॅटू, मोठी मायच्या गोंदणाचा. मनगट, दंड की पायाचा घोटा?

तापीकाठची
नमस्कार सगळ्यांना. मी २४ वर्षांची, गाव शिरपूरकडचं, जळगावला लॅबमध्ये काम करते. मोठी मायच्या (आजीच्या) हातावर गोंदण आहे, मधे तुळस आणि दोन्ही बाजूंनी ठिपके, आता जरा पसरलंय आणि हिरवट दिसतं. लहानपणी तिच्या कुशीत झोपताना मी ते ठिपके बोटाने मोजायचे. आता ती थकलीये म्हणून तेच गोंदण तसंच्या तसं माझ्या अंगावर हवंय, टॅटू पहिलाच आहे आणि जागा काही ठरत नाहीये. मनगटावर मला रोज दिसेल, दंडावर झाकता येईल, घोट्यावर मैत्रिणीने केलाय तो छान दिसतो. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरी जाईन तेव्हा तिला दाखवायचंय, म्हणजे हातात पंधरा दिवस आहेत. लहान भाऊ पण म्हणतो मला पण हेच पाहिजे, छातीवर, तो भरतीची तयारी करून राहिलाय. खरं सांगा, कुठे करू?

भुसावळवाला
ताई, आधी भावाला थांबव!! आर्मीच्या भरतीत कोपरापासून मनगटापर्यंत हाताची आतली बाजू आणि पंजाची मागची बाजू, एवढ्याच जागी टॅटू चालतो, छातीवर असला तर मेडिकलला अडकतो. सीआरपीएफ, बीएसएफच्या जीडी (साध्या कॉन्स्टेबलच्या) भरतीत अजून कडक आहे, हाताची आतली बाजू पण फक्त डावी, कारण सॅल्यूट उजव्या हाताने, आणि टॅटू त्या भागाच्या पाव हिश्श्यापेक्षा लहान हवा. तिथे देवाधर्माचं चिन्ह किंवा नाव एवढंच धरतात, ठिपक्यांची नक्षी त्यात बसेल असं मानून चालू नको. आदिवासी समाजातल्या पोरांना त्यांच्या परंपरेच्या गोंदणासाठी सूट असते, ते वेगळं. माझ्यासोबत पहाटे ग्राउंड मारणारा एक पोरगा असा घरी आला, रनिंगमध्ये पहिल्या पाचात असायचा, दोन वर्षांची मेहनत गेली. भावाला सांग, जॉइनिंग होऊ दे मग बघू. आणि तो रक्तदान करत असेल तर टॅटूनंतर वर्षभर रक्त देता येत नाही, हे तुला पण लागू आहे.

केळीवाली_रावेर
घोट्यावर नको गं. मी केलाय, तेही मे महिन्यात. घोट्याला मांस नाही, सुई थेट हाडावर टोचल्यासारखी लागते, ते एकवेळ सहन होतं पण पुढचे दिवस कठीण. चपलेचा पट्टा घासून खपली वेळेआधी निघाली, पाय सुजला, त्यात आपल्याकडे ४५ डिग्रीचं ऊन आणि सतत घाम. दोन ठिकाणी रंगच गेला, परत भरून घ्यावा लागला. तू लॅबमध्ये दिवसभर उभी असशील तर पायावर सूज येणारच. माझं मत दंड, बाहेरच्या बाजूला, तिथे सगळ्यात कमी दुखतं आणि बाहीखाली ऊन लागत नाही. उन्हाने रंग उडतो हे लक्षात ठेव.

सुईधागा
मी सात वर्षं टॅटूचं काम करतोय, धुळ्यात. तुझं डिझाइन ठिपक्यांचं आहे हीच यातली मुख्य गोष्ट आहे आणि जागा त्यावरून ठरते. रंग कातडीच्या दुसऱ्या थरात जातो आणि वर्षांनुवर्षं थोडा थोडा पसरतो, आजीचे ठिपके तसेच पसरलेत. हिरवट दिसतं ते काजळी कातडीच्या आत असल्यामुळे, वरून पाहिलं की काळा रंग निळसर हिरवा भासतो. मनगटाची जागा अरुंद, तिथे डिझाइन लहान करावं लागेल, ठिपके जवळ येतील आणि दहा पंधरा वर्षांत एकमेकांत मिसळतील. शिवाय मनगटाच्या वळ्यांवर रंग नीट धरत नाही, आणि तुझे ग्लोव्हज तिथेच घासतील, दिवसातून कितीदा हात धुशील, सॅनिटायझर लावशील, ताजी जखम आहे ती.

दंड चांगलाच आहे पण तुला स्वतःला दिसणार नाही. तू लिहिलंयस ते ठिपके मोजायचीस, म्हणून सांगतो, हाताची आतली बाजू घे, मनगटाच्या वळीपासून चार बोटं वर. जागा सपाट आहे, ऊन कमी लागतं, लांब बाहीत झाकते. स्टेन्सिल (डिझाइनचा कच्चा ठसा) लावताना हात मोकळा खाली सोडून उभी राहा, टेबलावर हात उताणा ठेवून लावलं तर हात फिरवल्यावर तुळस वाकडी दिसते. त्याआधी आठ दिवस पेनाने काढून फिर, रोज बघ. फक्त काळा रंग घे. सुई नवीन, पाकीट तुझ्यासमोर फोडलेलं, रंग छोट्या कपात नवीन ओतलेला, यात भीड धरायची नाही, कावीळ बी, सी अशाने पसरते. कान टोचल्यावर गाठ आली होती का? आली असेल तर आधी त्वचेच्या डॉक्टरला दाखव, छाती आणि खांद्यावर तर अशी गाठ जास्त येते.

आखाजीची घाई मात्र करू नको. वरची कातडी भरायलाच दोन तीन आठवडे जातात, तोवर ऊन नाही, पोहणं नाही, खपली ओढायची नाही.

शहाद्याची_माय
बेटा, माझ्या आईचं पण असंच होतं, कपाळावर आणि हातावर. ती म्हणायची, दागिना आठेच ऱ्हाई जातस, गोंदनं मातर संगे येस, म्हणजे दागिने इथेच राहतात, गोंदण मात्र सोबत येतं. आखाजीला जाशील तर मोठी मायलाच विचार ना कुठे घेऊ म्हणून. आणि तिच्या हाताचा फोटो उजेडात, सरळ वरून काढून घे, जवळ पट्टी ठेवून, म्हणजे माप कळेल. आमच्या आईचा फोटो राहून गेला, आता चार बहिणी चार प्रकारे सांगतात ठिपके किती होते ते.

तापीकाठची
सगळ्यांचे खूप आभार, भावाला वाचून दाखवलं, गप्प बसला पण ऐकलं त्याने. कान टोचले तेव्हा काही त्रास नव्हता. काल रात्री मोठी मायला फोन केला आणि विचारलं. आधी म्हणाली कशाला दुखवून घेतीस, मग म्हणाली डावा हात, आतून, कोपराखाली, तिचं पण तिथेच आहे, मी विसरलेच होते. आखाजीला फोटो काढते पट्टी ठेवून, आणि टॅटू दिवाळीनंतर, गारवा पडला की. आजपासून पेनाने काढायला सुरुवात केलीये. नऊ ठिपके आहेत, पाच एका बाजूला, चार दुसऱ्या. तिने फोनवर मोजून सांगितले.