नाक्सोसचे अर्धवट कूरोस आणि डेलोसचा महाकाय पुतळा: क्रम कसा ठेवावा?

संगमरवरी_वाट
सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ग्रीसला जायचे आहे. हातात सात दिवस आहेत. मुख्य उद्देश एकच, प्राचीन ग्रीकांचे महाकाय संगमरवरी पुतळे जिथे घडले तिथेच पाहणे. म्हणून नाक्सोस बेटाला चार दिवस, अपोलो देवाचे पवित्र बेट डेलोसला एक आणि उरलेले अथेन्सला असे ठरवले आहे. तीन शंका आहेत. नाक्सोसवरचे तिन्ही कूरोस (प्राचीन ग्रीकांचे उभ्या पुरुषाचे पुतळे) एका दिवसात होतात का? सोबत सत्तरीचे आईबाबा आहेत, त्यांना चढ जमेल का? आणि अर्धवट दगडात नेमके काय बघायचे? फोटोंत तर नुसता आडवा पडलेला ओंडका दिसतो.

टाकी_छिन्नी
तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण ते कळले नाही तर उरलेला प्रवास वाया जाईल.

नाक्सोसवरच्या अपोलोनास गावाच्या वरच्या खाणीतला कूरोस सुमारे १०.७ मीटर लांब आहे. वजन ८० टनांच्या आसपास धरतात. संगमरवराचा एक घनमीटर २.७ टन भरतो, म्हणजे जवळजवळ ३० घनमीटर दगड. तो इ.स.पू. सहाव्या शतकाच्या सुरुवातीचा मानतात. हा सगळा भार डोंगरावरून किनाऱ्यावर न्यायचा, म्हणून खाणीतच ढोबळ आकार काढून जितके वजन कमी करता येईल तितके करत. बारीक काम पुतळा जागेवर पोचल्यावर. तेव्हा तुम्ही बघणार आहात तो बिघडलेला पुतळा नव्हे, कामाचा पहिला टप्पा आहे. वाटेत ठेचकाळला तरी आतली मूर्ती वाचावी म्हणून अंगावर दगडाचा जाड थर मुद्दाम ठेवलेला असतो.

आता अंगावरचे घाव बघा. टोकदार लोखंडी छिन्नी जवळजवळ काटकोनात धरून मारलेली आहे, त्यामुळे रेघा न पडता बारीक खळगे पडलेत. अशा सरळ घावाने दगड पटकन निघतो, पण खळग्याखालचे स्फटिकही चिरडतात आणि तिथे पांढुरका डाग राहतो. तो डाग पुढे घासून जात नाही. म्हणून अखेरच्या पृष्ठभागाच्या बरेच आधी हा घाव थांबवून छिन्नी तिरपी करावी लागते. दातेरी छिन्नी ग्रीसमध्ये इ.स.पू. सहाव्या शतकाच्या मध्याला रुळली. या पुतळ्यावर तिच्या समांतर रेघा शोधत बसू नका.

चेहऱ्याखाली पुढे आलेला ठोकळा आहे ती दाढी. कोपरापासून पुढे आलेले दोन चौकोनी ठोकळे म्हणजे पुढे धरलेले हात. जवळच्या खडकावर ही जागा अपोलोची असल्याचा प्राचीन लेख आहे, म्हणून पूर्वी पुतळ्यालाही अपोलो म्हणत. पण अपोलो तरुण आणि बिनदाढीचा दाखवतात. दाढीमुळे आता बहुतेक अभ्यासक याला मद्याचा देव डायोनिसस मानतात. काम का सोडले, याचे सर्वांत पटणारे कारण दगडावरच आहे: अंगावरून गेलेल्या भेगा. ढोबळ घडाईत भेग उघडी पडली की पुढची मेहनत व्यर्थ, कारण हलवताना दगड तिथेच दुभंगणार.

बोटीचे_वेळापत्रक
पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर देते.

एका दिवसात तिन्ही होतात, पण स्वतःची गाडी हवी. अपोलोनासला आणि मेलानेसच्या बाजूला बस जाते, पण फेऱ्या मोजक्या आहेत. उतरण्याआधी परतीची वेळ चालकाला विचारून ठेवा. गाडी भाड्याने घेणार असाल तर भारतीय लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो निघण्यापूर्वी आरटीओतून काढा, तिथे गेल्यावर मिळत नाही.

होरा, म्हणजे बंदराचे मुख्य गाव, तिथून मेलानेसजवळचे फ्लेरिओ जेमतेम दहा किलोमीटर. पहिला कूरोस गाडीतळापासून थोड्या चालीवर बागेत पडला आहे. लांबी साडेपाच मीटरच्या आसपास आणि पाय मोडलेला. तिथवर आईबाबा आरामात येतील. दुसरा, फरांगाचा, वर टेकडीवर आहे. दगडी पायवाटेने दहा-पंधरा मिनिटांचा चढ आणि सावली नाही. गुडघे दुखत असतील तर त्यांना खालीच थांबू द्या. अपोलोनासचा कूरोस रस्त्यालगत आहे, थोड्या पायऱ्या चढल्या की समोर. होराहून किनाऱ्याच्या रस्त्याने साधारण ३५ किलोमीटर, पण वळणांमुळे तास-सव्वा तास लागतो.

परत येताना आतला डोंगराळ रस्ता धरा: कोरोनोस, अपीरान्थोस, फिलोती. याच पट्ट्यात कुरुंदाच्या खाणी आहेत आणि १९२० च्या दशकात खनिज मुत्सुना बंदराला उतरवण्यासाठी उभारलेल्या हवाई रोपवेचे गंजलेले खांब अजून उभे आहेत.

अथेन्सच्या पिरेअस बंदरातून नाक्सोसला मोठी फेरी पाच-साडेपाच तास घेते, वेगवान बोट चारच्या आत. उत्तरेचा मेल्तेमी वारा जुलै-ऑगस्टमध्ये जोरात असतो, सप्टेंबरात उतरतो, पण संपत नाही. वारा चढला की आधी वेगवान बोटी रद्द होतात, म्हणून परतीच्या विमानाच्या दिवशी बोट ठेवू नका. मध्ये एक रात्र अथेन्सला हवीच.

टाकी_छिन्नी
कुरुंदाचा उल्लेख झाला ते बरे झाले. नाक्सोसच्या शिल्पकारांचे बळ त्यातच आहे. संगमरवर ज्या बेटाचा, तो घासून गुळगुळीत करणारा कुरुंदही त्याच बेटाचा. छिन्नीचे व्रण काढायला हीच भुकटी पाण्यासोबत वापरत.

डेलोस_अभ्यास
क्रमाबद्दल माझे मत ठाम आहे: आधी नाक्सोस, मग डेलोस, शेवटी अथेन्स. उलटे केलेत तर डेलोसवर नुसते तुकडे दिसतील.

डेलोसला नाक्सोसच्या लोकांनी अपोलोचा सुमारे नऊ मीटर उंच पुतळा उभारला होता, इ.स.पू. ६०० च्या आसपास. आज धडाचे दोन प्रचंड तुकडे आर्टेमिस देवीच्या मंदिराजवळ पडले आहेत आणि बैठक नाक्सोसवासीयांच्या वास्तूच्या भिंतीला लागून आहे. दोन्ही एकमेकांपासून दूर आहेत, त्यामुळे बरेच लोक एकच पाहून परततात. बैठकीवरचा प्राचीन लेख सांगतो की पुतळा आणि बैठक एकाच दगडाची आहेत. अपोलोनासची खाण डोळ्यांत असली की या ओळीतला अभिमान समजतो. प्राचीन चरित्रकार प्लुटार्कने लिहिले आहे की अथेन्सचा सेनापती निकियासने अर्पण केलेले काशाचे ताडाचे झाड वाऱ्याने कोसळले आणि या पुतळ्याला घेऊन पडले. हाताचा तुकडा डेलोसच्या संग्रहालयाकडे आणि पायाचा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

डेलोसवर रांगेतले संगमरवरी सिंह उघड्यावर दिसतात त्या प्रतिकृती. मूळ सिंह १९९९ मध्ये संग्रहालयात हलवले. तेही नाक्सोसच्याच संगमरवराचे.

बेटावर मुक्काम करता येत नाही. मिकोनोसहून बोट अर्ध्या तासाची, उन्हाळी हंगामात नाक्सोसहूनही सहली निघतात. पण सहलीच्या बोटीत डेलोसला किती तास मिळतात ते तिकीट काढण्याआधी विचारा. तीन तासांच्या खाली असेल तर घेऊ नका. सावली जवळजवळ नाही, माणशी दीड-दोन लिटर पाणी बरोबर ठेवा.

संगमरवरी_वाट
खूप मदत झाली. फरांगाला एकटा चढेन, आईबाबा खाली थांबतील. अथेन्समध्ये काय चुकवू नये? आणि सामोस बेटावरचा मोठा कूरोस याच फेरीत बसेल का?

डेलोस_अभ्यास
सामोस या सात दिवसांत घालू नका. तिथल्या वाथी गावाच्या संग्रहालयातला पावणेपाच मीटर उंच, मांडीवर अर्पण करणाऱ्या इस्खेसचे नाव कोरलेला कूरोस खरोखर भव्य आहे, पण नाक्सोसहून तिकडे रोज बोट नाही. एक बोट चुकली की दोन दिवस गेले.

अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात १९०६ मध्ये सुनिओनला सापडलेला कूरोस आहे, ३.०५ मीटर, नाक्सोसच्याच संगमरवराचा. तुम्ही खाणीत पाहिलेल्या ठोकळ्याचे पुढे काय होते ते इथे दिसेल: माळेतल्या मण्यांसारखे केस, गुंडाळीसारखा कान, पोटावर कोरलेल्या रेषा. मागे जाऊन पाठही बघा. मग त्याच संग्रहालयात फ्रासिक्लेया या तरुणीचा पुतळा. ती पारोस बेटाच्या संगमरवराची, कण बारीक आणि उजेड आत मुरतो. कपड्यावर रंगाचे अवशेष आहेत, म्हणजे हे पुतळे पांढरे नव्हते हेही डोळ्यांनी कळते.

टाकी_छिन्नी
दोन गोष्टी राहिल्या.

अपोलोनासच्या पुतळ्यावर चढून फोटो काढणारे दिसतील, तुम्ही चढू नका. नाक्सोसच्या संगमरवराचे कण जाड असतात. उन्हाने तापताना स्फटिक एका दिशेला फुगतात आणि दुसऱ्या दिशेला आकसतात, त्यामुळे कणांमधली पकड सुटते आणि पृष्ठभाग साखरेसारखा भुरभुरतो. अशा दगडावर बुटाची टाच घासली की अडीच हजार वर्षांचा छिन्नीचा घाव कायमचा जातो. संग्रहालयांत फ्लॅश आणि ट्रायपॉड चालत नाहीत, आणि पुतळ्याची नक्कल करत फोटोला उभे राहिलात तर रखवालदार लगेच हटकतात.

दुसरे उजेडाचे. भर दुपारी खळगे दिसतच नाहीत, सगळे सपाट वाटते, आणि म्हणूनच फोटोंत तो ओंडका दिसतो. तिरप्या उन्हात प्रत्येक खळग्याला सावली पडते. सकाळी आठ-नऊला फ्लेरिओ आणि फरांगा उरका, दुपारचे जेवण अपोलोनासच्या किनाऱ्यावर करा आणि साडेचारनंतर वर पुतळ्याकडे जा. मात्र परतीचा डोंगरातला रस्ता अंधारात नको असेल तर त्या दिवशी किनाऱ्याच्या रस्त्यानेच मागे या आणि कुरुंदाची गावे दुसऱ्या दिवसावर ठेवा.