बॉर्डर कॉली भुंकत नाही, बघतो

कुणीतरी लिहिलंय की बॉर्डर कॉली हा मेंढ्या राखणारा कुत्रा भुंकून मेंढ्या हाकतो. अहो, कामावर असताना तो जवळपास भुंकतच नाही! वेल्समध्ये टेकडीवर उभं राहून पाहिलंय मी: पोट गवताला टेकलेलं, एक पंजा हवेत तसाच थांबलेला, डोळे मेंढीवर रोखलेले. मेंढी मुकाट वळते. मेंढपाळाने 'कम बाय' म्हटलं की कळपाला घड्याळाच्या दिशेने वळसा, 'अवे' म्हटलं की उलट. ही शांत, नजरेने काम करण्याची धाटणी रुजली ती इंग्लंडमधल्या नॉर्थंबरलँडमध्ये १८९३ साली जन्मलेल्या ओल्ड हेम्प या कुत्र्यामुळे. आजचे बहुतेक कॉली त्याचेच वंशज. आणि हुशारी बघायची तर अमेरिकेतली चेसर ही कॉली कुत्री! जॉन पिली या निवृत्त प्राध्यापकांनी तिला तीन वर्षांत १,०२२ खेळण्यांची नावं शिकवली होती.