मदत हवी आहे: पीव्हीएचं जैवविघटन होतं की नाही, हे ईटीपीवर कसं तपासावं?

नमस्कार. इचलकरंजीतल्या एका प्रोसेस हाउसच्या (कापड धुणाऱ्या-रंगवणाऱ्या कारखान्याच्या) ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पावर मी केमिस्ट आहे, दीड वर्ष झालं.

आमच्याकडे येणाऱ्या ग्रे (कोऱ्या, न धुतलेल्या) कापडाच्या धाग्यांना विणण्याआधी कोणती खळ लावली आहे, हे आम्हाला कळत नाही. सायझिंग (खळ लावणं) एकाचं, लूम दुसऱ्याचे, प्रोसेस तिसऱ्याची. स्टार्चची खळ असली की प्लँट व्यवस्थित चालतो. पॉलिएस्टर-कॉटनचा माल वाढला की डिसायझिंगच्या (खळ धुऊन काढण्याच्या) पाण्यातून पीव्हीए, म्हणजे पॉलिव्हिनाइल अल्कोहोल येतं. मग एरेशन टँकवर (जिथे हवा देऊन जीवाणूंकडून पाणी साफ करतो) फेस चढतो आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याचा सीओडी (सगळी सेंद्रिय घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन) लिटरला २५० मिग्रॅच्या खाली येत नाही. बीओडी (त्यातलं जेवढं जीवाणू खातात, त्याला लागणारा ऑक्सिजन) मात्र ३० च्या आत.

पुरवठादाराच्या माहितीपत्रकावर ‘जैवविघटनशील’ असं छापलेलं आहे. म्हणून मी लिटरला १ ग्रॅम पीव्हीए विरघळवून पाहिलं. सीओडी १७६० आला. गणिताने १८२० यायला हवा, म्हणजे मोजणी ठीक आहे. पण २७ अंशांवर ३ दिवसांचा बीओडी जेमतेम २० भरला. सीड (जीवाणूंचं विरजण) म्हणून घरगुती सांडपाणी वापरलं होतं.

मग माहितीपत्रक खोटं समजायचं का? बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेचा खर्च मालक करणार नाहीत. इथेच करता येईल अशी विश्वासार्ह चाचणी कोणती? आमचं पाणी शेवटी पंचगंगेच्याच खोऱ्यात जातं, त्यामुळे अंदाजावर सोडून द्यायचं नाही.

प्रतिसाद १

ताई, मोजलंत बरोबर, पण निष्कर्षाची घाई करू नका. स्टार्च खाणारे जीवाणू कुठल्याही सांडपाण्यात असतात. पीव्हीएचं तसं नाही. त्याच्या लांब साखळीवरच्या हायड्रॉक्सिल गटांचं आधी ऑक्सिडीकरण व्हावं लागतं, त्यानंतर साखळी तुटते. ते करू शकणारे जीवाणू मोजके, आणि एरेशन टँकमधल्या जीवाणूंच्या गाळात त्यांची संख्या वाढायला आठवडे जातात. तीन दिवसांत बाटलीत काही दिसणार नाही.

ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ३०१ मालिकेतल्या चाचण्याही कडकच आहेत: थोडं सीड, २८ दिवस, आणि ऑक्सिजनच्या हिशोबाने ६० टक्के विघटन. त्यात नापास झालेला पदार्थ ‘सहज विघटनशील नाही’ एवढंच ठरतं. तुमचा प्रश्न वेगळा आहे: पुरेसा गाळ आणि पुरेसा वेळ दिला तर तो जातो का? त्यासाठी ३०२बी, म्हणजे झान-वेलेन्स चाचणी करा. तिला महागडं यंत्र लागत नाही, सीओडीवर भागतं.

दोन लिटरच्या तीन बरण्या घ्या. तुमच्या एरेशन टँकमधला गाळ स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन प्रत्येकीत कोरड्या वजनाने सुमारे १ ग्रॅम टाका. एमएलएसएस (टँकमधल्या लिटरभर पाण्यातला कोरडा गाळ) ३००० मिग्रॅ असेल तर साधारण ३३० मिली होईल. पहिल्या बरणीत लिटरला ३०० मिग्रॅ पीव्हीए, दुसरीत डायइथिलीन ग्लायकॉल, तिसरीत नुसता गाळ. तिन्हींत नायट्रोजन-फॉस्फरसचे क्षार घाला. सतत हवा, २० ते २५ अंश, सामू ६.५ ते ८, आणि थेट ऊन नको. बाष्पीभवनाने घटलेलं पाणी डिस्टिल्ड वॉटरने भरून काढा. दर वेळी नमुना गाळूनच सीओडी काढा आणि त्यातून नुसत्या गाळाच्या बरणीचा आकडा वजा करा. ग्लायकॉल १४ दिवसांत ७० टक्के गेलं नाही, तर गाळच अशक्त आहे. चाचणी रद्द धरा.

सगळ्यात महत्त्वाचा नमुना तीन तासांचा. तोवर जेवढा सीओडी उतरला, तो बहुतेक गाळाला चिकटून गेलेला असतो. त्याला विघटन म्हणायचं नाही. टक्केवारी तीन तासांच्या आकड्यापासून पुढे मोजा. नंतर आलेख बघा. बरेच दिवस सपाट आणि मग सरळ खाली आला, तर जीवाणू सरावले. शेवटपर्यंत सपाटच राहिला, तर तुमच्या गाळात ते नाहीत.

प्रतिसाद २

माझं सायझिंग आहे, म्हणून एक सांगतो. खळीत नुसतं पीव्हीए क्वचितच असतं. स्टार्च, ॲक्रिलिक, मेण असं सगळं मिसळलेलं असतं. सीओडी नेमका कशाचा उरलाय ते आधी बघा. आयोडीन आणि बोरिक ॲसिडबरोबर पीव्हीए निळसर-हिरवा रंग देतं, कलरीमीटरवर वाचता येतो. स्टार्चही आयोडीनने निळं होतं, तेवढं सांभाळा. आणि सायझिंगवाल्याला सरळ विचारा हो! विचारलं तर आम्ही सांगतो.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. रंगाची चाचणी आज बाहेर जाणाऱ्या पाण्यावर केली, रंग आला. म्हणजे पीव्हीए खरंच तसंच बाहेर जातंय. बरण्या उद्या लावते. एक शंका: बरणीत विसाव्या दिवशी विघटन झालं, तरी आमच्या टँकमध्ये पाणी दीड दिवसच थांबतं. मग उपयोग काय?

प्रतिसाद १

पाणी किती थांबतं यापेक्षा गाळ किती दिवस थांबतो ते बघा. एकदा सरावलेला गाळ पीव्हीए पुष्कळ लवकर खातो, पण त्याआधीच तुम्ही गाळ काढून टाकत असाल तर हे जीवाणू कधी वाढायचेच नाहीत. दुसरं, आठवडाभर पीव्हीए नाही आणि मग एकदम लोट आला, तरी ते टिकत नाहीत. डिसायझिंगचं पाणी वेगळ्या टाकीत साठवून रोज थोडं थोडं सोडता येईल का? बरण्यांचे आकडे आले की पहिल्या बरणीतलाच गाळ ठेवून तीच चाचणी पुन्हा लावा. दुसऱ्या वेळी सपाट भाग किती दिवसांचा राहिला, ते इथे लिहा. पुढचं त्यावरून ठरवू.