नमस्कार, मी सोलापूरला भूशास्त्र शिकतेय आणि मला विहिरींबद्दल विचारायचंय

मुरूम_माती:
नमस्कार सगळ्यांना. पहिल्यांदाच लिहितेय म्हणून आधी ओळख. मी म्हसवडजवळच्या एका गावची, तालुका माण, जिल्हा सातारा. सध्या सोलापूरला अहिल्यादेवी होळकर विद्यापीठात एमएस्सी ॲप्लाइड जिऑलॉजी करतेय, शेवटचं वर्ष. घरी शेती आणि थोडी मेंढरं. सुट्टीला आले की गजी, म्हणजे धनगरांचा ढोलावरचा नाच, कुठं असेल तिथं बघायला जाते, ते ढोल ऐकले की मला घरी आल्यासारखं वाटतं. दगड गोळा करायचा नाद शाळेपासूनचा. खोलीवर स्टिल्बाइट, हुलँडाइट, ॲपोफिलाइट असे बेसाल्टच्या पोकळ्यांतले स्फटिक खिडकीत मांडलेत आणि वाघोलीच्या खाणींतला तो निळा कॅव्हन्साइट एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचाय.

पण खरी आवड म्हणाल तर विहिरी. आपल्याकडचा दगड म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर असा पसरत गेला, भाकरींची चळत असते तसा. पुस्तकात हे वाचून फार काही वाटत नाही, पण आपल्या विहिरीत डोकावलं की तेच समोर दिसतं, वर माती, मग मुरूम, मग फुटका दगड, मग तो पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या, मधेच लाल गेरूचा पट्टा आणि खाली काळा कातळ. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की पूर्ण भिंत वाचता येते. मला त्याच्यासमोर तासन्‌तास बसायला आवडतं.

डेझर्टेशनसाठी विषय घेतलाय की एका बांधाच्या अलीकडं विहिरीला मे महिन्यातही पाणी आणि पलीकडं जानेवारीतच खडखडाट, असं का होतं. सर म्हणतात विषय चांगला आहे पण पसरट होईल. तर जे शेती करतात किंवा या क्षेत्रात काम केलंय त्यांना विचारायचंय, सुरुवात कुठून करू? रेझिस्टिव्हिटीचं मशीन (जमिनीत वीज सोडून खालच्या थरांचा अंदाज घेणारं) विभागातनं मिळेल, ते आधी लावू का विहिरी आधी फिरू? आणि मधे डाइक, म्हणजे थरांना छेदून भिंतीसारखा उभा घुसलेला दगड, असेल तर ओळखायचा कसा?

पाणलोटवाला:
ताई स्वागत. मशीन राहू दे बाजूला, आधी विहिरी फिर. प्रत्येक विहिरीची खोली, व्यास, कोणता थर किती फुटांवर सुरू होतो, झरा नेमका कुठल्या थरातून आणि कुठल्या बाजूनं येतो हे वहीत चित्र काढून लिही, फोटो पण काढ पण चित्र पाहिजेच कारण फोटोत ओली भिंत आणि काळा दगड सारखाच दिसतो. पाण्याची पातळी मोजताना कठड्यावर एक खूण कर आणि दर वेळी तिथूनच टेप सोड, कठड्याची उंची वजा करायची. मोजणी सकाळी मोटर चालू व्हायच्या आधी. सरकारची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे. तू पण तेच महिने धर म्हणजे तुझे आकडे त्यांच्या आकड्यांशी लावून बघता येतील. आणि ज्यांनी विहीर खोदलीय ती म्हातारी माणसं गाठ, सुरुंग कुठं लावला, कुठं लावावा लागला नाही, एवढं विचारलं तरी विहिरीतल्या थरांची अर्धी नोंद (लॉग) तयार होते.

डाळिंबवाला_सांगोला:
आमच्याकडचं सांगतो. माझी विहीर ५५ फूट, शेजारच्या भावकीची ६०, त्यांची आधी आटते. त्यांनी तळात आडवी बोअर मारली तरी फरक नाही, मी मारली तर पश्चिमेच्या बोअरला पाणी लागलं आणि बाकीच्या कोरड्या. का ते आजपर्यंत कुणी सांगितलं नाही. मागं एक टीम आली होती, सगळं मोजून नेलं आणि परत काही कळवलं नाही, गावात त्याचा राग आहे. तू करशील ते गावात येऊन सांग, चावडीवर बसून, नकाशा दाखवून. तेवढं करणार असलीस तर माझी विहीर कधीही बघायला ये. हिवरे बाजारला पावसाळा संपला की पाण्याचा हिशोब सगळ्या गावासमोर मांडतात आणि मग कुठलं पीक घ्यायचं ते ठरवतात, शेतीसाठी बोअर मारायलाच बंदी आहे तिथं. आमच्याकडं प्रत्येकजण दुसऱ्यापेक्षा खोल जातोय.

कातळपारखी:
भूजलाच्या खात्यात नोकरी करून निवृत्त झालोय म्हणून थोडं लांब लिहितो. बाळा, डाइकच्या मागे लागू नकोस. डाइक भरपूर आहेत ते धुळे-नंदुरबारकडं, तिथं सरळ रेषेत दगडांची वरवंड दिसते आणि ती कधी पाणी अडवते, कधी कडेच्या भेगांतून वाहून नेते. माण खोऱ्यात ते क्वचितच सापडतील. तुझ्या भागात फरक पडतो तो बहुतेक वेळा कुजलेल्या दगडाची जाडी किती, आणि दोन थरांचा सांधा विहिरीनं कापलाय का नाही यावर. गेरू चिकणमातीसारखा असतो, पाणी खाली जाऊ देत नाही, त्यामुळं त्याच्या वरच्या सांध्यात झरा मिळायची शक्यता असते. पण बोअरमध्ये तोच ढासळतो, म्हणून तिथं केसिंग, म्हणजे आधाराचा पाइप, लागतं. सांगोल्याच्या भाऊंच्या एकाच बाजूच्या बोअरला पाणी लागलं त्याचं कारण अशीच एखादी भेग असणार, पण बघितल्याशिवाय छातीठोक सांगणार नाही.

जिऑलॉजिकल सर्व्हेचे नकाशे त्यांच्या भूकोश या वेबसाइटवर फुकट मिळतात, ते घे. मग एकच छोटा ओढा निवड, त्याच्या दोन्ही काठच्या विहिरी, आणि सगळ्यांची उंची एका पातळीवर आण, म्हणजे समुद्रसपाटीपासून. तेव्हाच कळेल की अलीकडचा झरा आणि पलीकडचा गेरू एकाच थराचे आहेत का. रेझिस्टिव्हिटी सगळ्यात शेवटी, आणि ती पण आधी माहीत असलेल्या विहिरीशेजारी लाव, म्हणजे यंत्राचं उत्तर भिंतीशी ताडून बघता येईल. सरांना जे पसरट वाटतंय ते यानं आटोपशीर होईल.

भुईनळा:
पाणाड्यांबद्दल कुणीच बोललं नाही. आमच्या गावात नारळ हातावर ठेवून जागा दाखवतात आणि लोक त्यावर लाखो रुपये लावतात. ताई, तुझ्या अभ्यासात याचा खोटेपणा दाखव.

कातळपारखी:
नारळ फिरण्याला काही आधार नाही, हे मी नोकरीतही सांगायचो. पण त्यांच्याशी बोल जरूर. उंबर कुठं आहे, वारूळ कुठं, उन्हाळ्यात हिरवं गवत कुठं टिकतं हे जुने पाणाडी बघत आलेत, वराहमिहिराच्या बृहत्संहितेत दकार्गल नावाचा अख्खा अध्याय याच खुणांवर आहे. त्यांनी दाखवलेल्या जागा पण नकाशावर टाक, लागलेल्या आणि कोरड्या दोन्ही. लोक लागलेल्याच सांगतात.

मुरूम_माती:
सगळ्यांचे खूप आभार, मी हे सगळं वहीत उतरवून घेतलंय. ओढा ठरला, आमच्या गावच्या वरच्या अंगाचा, दोन्ही काठाला जुन्या विहिरी आहेत आणि त्यातल्या काहींना आतून दगडी बांधकाम नाही म्हणजे थर उघडे दिसतात. चावडीवर सांगायचं नक्की, डाळिंबवाले दादा, तुमच्याकडं मेमध्ये येते, पाणी तळाला गेलं की. पश्चिमेची बोअर साधारण किती फुटांवर मारलीय आणि तिथली भिंत मांजऱ्याची आहे का काळ्या दगडाची, एवढं आधी सांगाल का?

डाळिंबवाला_सांगोला:
४२ फुटांवर. मांजऱ्या. वर दीड हात लाल पट्टा आहे.

कातळपारखी:
लाल पट्टा वर आणि पाणी त्याच्या खाली? मग मला पण बोलवा.