ऊसतोडीहून परतलेल्या आईकडे बाळ जात नाही

अंगणवाडी सेविका, धारूर तालुका:
आमच्या गावातील एक जोडपे दिवाळीनंतर कारखान्याला गेले, तेव्हा पाच महिन्यांची मुलगी त्यांनी आजीजवळ ठेवली. पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, ते परतले, परंतु आता आईने हात पुढे केले की मुलगी आजीचा पदर घट्ट धरून रडते. आईला अन्न गोड लागत नाही. आजीला पंधरा दिवस लेकीकडे पाठवावे, म्हणजे मुलीला आईची सवय होईल, असे घरचे म्हणतात. हे योग्य आहे का?

बालरोगतज्ज्ञ, लातूर:
ताई, आजीला कृपया पाठवू देऊ नका. साधारण सहा-सात महिन्यांपर्यंत बाळ बहुधा कोणाच्याही मांडीवर रमते. त्यानंतर त्याला ठरावीक माणसेच हवीशी वाटतात आणि त्याच सुमारास अनोळखी चेहऱ्यांची भीतीही सुरू होते. नेमक्या त्याच काळात ही आई उसाच्या फडावर होती. मुलीने राग धरलेला नाही; तिला आई आज नवखी वाटते, एवढेच. शॅफर आणि इमर्सन या संशोधकांनी स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरातील ६० बाळांचा अभ्यास १९६४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील बहुतेकांना दीड वर्षाचे होईपर्यंत एकाहून अधिक माणसांचा लळा लागला होता आणि जवळ किती वेळ असतो यापेक्षा रडण्याला, हसण्याला कोण चटकन प्रतिसाद देतो, याला अधिक महत्त्व होते. आजी दूर गेली, तर मुलीचा आधारच जाईल.

निवृत्त शिक्षिका, अंबाजोगाई:
डॉक्टरांशी मी पूर्ण सहमत आहे. आईने उचलून घेण्याची घाई करू नये. आजीच्या मांडीवर मुलगी असताना शेजारी बसावे, मुलीने खुळखुळा टाकला की उचलून तिच्या हाताशी ठेवावा, तिने पाहिले तर हसावे, तोंड फिरवले तर गप्प राहावे. पुढे तेल लावणे आणि न्हाऊ घालणे आजीच्या देखत आईने करावे. माझा नातू असाच हळूहळू सुनेकडे जाऊ लागला.

अंगणवाडी सेविका:
मनापासून आभार. पुढच्या हंगामात ते पुन्हा जाणार आहेत.

बालरोगतज्ज्ञ, लातूर:
तेव्हा मुलगी सुमारे दीड वर्षाची असेल आणि त्या वयातील ताटातूट अधिक जाचते. शक्य असल्यास आजीसह मुलीला सोबत न्यावे; नाहीच जमले, तर मुलगी आजीजवळ आपल्याच घरी राहावी आणि आईने रोज ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉलवर तिच्याशी बोलावे.